पाडाची बॉबिन

बोलताना समोरचं माणूस आपल्या तोंडाकडे बघत नसलं की माझं डोकं फिरतं. बाई बोलायला लागल्या की माझ्या डाव्या खांद्याच्या पलीकडे, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायच्या. पहिलं वर्षभर मला वाटत होतं, या बाईंना शिंगं फुटलीयत. तीस वर्षं तलासरीच्या आश्रमशाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या, तालुक्यातल्या कितीतरी मुली यांच्या हाताखालून गेलेल्या, तर माझ्यासारख्या कालच्या पोरीकडे त्या कशाला बघतील. मग मीही त्यांच्याशी बोलताना मुद्दाम खिडकीबाहेर बघायचे. आम्ही तशा बोलत असताना कुणी आत आलं असतं तर शेडमध्ये आणखी दोन माणसं आहेत असं त्याला वाटलं असतं.

ही २०१६ साली सुरू झालेली गोष्ट. मसोलीत एका पत्र्याच्या शेडमध्ये आमचं रजया शिवायचं काम चालायचं. गंजाडकडून येणाऱ्या सहा बायका, त्यांच्यावर देखरेख करणारी मी, आणि बाई. बाईंना कुणी नेमलेलं नव्हतं. आमच्यातली जमना त्यांची आश्रमशाळेतली विद्यार्थिनी. मोठी मशीन आली तेव्हा तिनं बाईंना बघायला बोलावलं. त्या बघायला आल्या आणि दुसऱ्या दिवसापासून डबा घेऊन यायला लागल्या. त्यांना नको म्हणायची माझी छाती झाली नाही, आणि पुढे तशी इच्छाही राहिली नाही.

मशीन होती लाँगआर्म, एका बंद पडलेल्या कारखान्यातून आणलेली. घरच्या मशीनवर आपण कापड सरकवतो. इथं रजई बारा फुटी चौकटीवर ताणून बांधतात आणि मशीनचं लांब मानेचं डोकं रुळांवरून फिरवत उभ्यानं शिवतात. वेग असा की खालच्या दोऱ्याची बॉबिन, तीही नेहमीपेक्षा मोठी, वीस-पंचवीस मिनिटांत रिकामी. आणि आणताना कुणाच्याच लक्षात आलं नाही की त्या बॉबिनमध्ये दोरा भरायचं यंत्र बरोबर आलेलंच नाही. घरच्या मशीनच्या वाइंडरवर ती मोठी बॉबिन बसेना. एवढी थोरली मशीन, आणि एका चकतीपायी गप्प उभी.

बाईंनी दुसऱ्या दिवशी पिशवीतून सुताराचं हातानं फिरवायचं ड्रिल काढलं. ते टेबलाच्या कडेला घट्ट बांधलं, पुढे बॉबिन बसेल अशी लाकडी खुंटी लावली, आणि एका हातानं दांडी फिरवत दुसऱ्या हाताच्या दोन बोटांमधून दोरा सोडायला लागल्या. नजर नेहमीप्रमाणे कॅलेंडरवर. भरलेली बॉबिन त्यांनी माझ्यापुढे धरली.

"नख लावून बघ."

मी नख लावलं. "काय बघायचं यात?"

"चिकू कधी घेतलायस का झाडावरून?"

बाईंच्या अंगणात चिकूचं एक जुनं झाड होतं आणि जगातली प्रत्येक गोष्ट त्या झाडापाशी जाऊन थांबायची. चिकूची साल नखानं जराशी खरवडून बघतात, आत हिरवं दिसलं तर राहू देतात, नाही तर फळ पाडाला आलं, म्हणजे उतरवायजोगं झालं. बाईंनी ते बॉबिनला लावलं होतं. नख आत रुतलं तर बॉबिन लिबलिबीत, म्हणजे दोरा सैल भरलाय, मशीनमध्ये गुंता होणार. नख वरून घसरलं तर दडस, म्हणजे दोरा फार ओढून भरलाय, तो पुढे सूड घेणार. नख टेकलं आणि तिथंच राहिलं तर ती पाडाची. पाडाला आलेली बॉबिन हा शब्दप्रयोग मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला आणि मनात हसले. महिन्याभरात शेडमधल्या सगळ्या जणी तेच बोलायला लागल्या. "मॅडम, ही दडस हाय, नका लावू," असं जमना मला अगदी गंभीरपणे सांगायची, आणि मीसुद्धा नख लावून मान डोलवायचे.

बाईंचे शब्दांचे नियम पक्के होते. "मला टेन्शन आलंय" असं कुणी म्हटलं की त्या तिथल्या तिथं दुरुस्त करायच्या, "टेन्शन दोऱ्याला असतं. तुला काळजी आहे. काळजी म्हण, म्हणजे काय ते कळेल तरी." दुकानदारांशी गुजराती, मुलींशी मराठी, आणि रागावायच्या मात्र हिंदीत. का, असं मी विचारलं होतं. "मराठीत रागावलं की मुली रडतात. गुजरातीत रागावलं की हसतात. हिंदीत रागावलं की काम करतात." त्यांचं हिंदी इतकं भयंकर होतं की काम सोडून दुसरं काही सुचायचं नाही हे खरं.

एका सकाळी मी लवकर आले, तर जमना दाराशी बसून सुया ओवत होती. दहा-बारा सुया, वेगवेगळ्या रंगांचे दोरे. ओवलेली प्रत्येक सुई ती एका छोट्या गादीला टोचत होती. ती गादी मी ओळखली. बाईंच्या पिशवीतली.

"हे काय?"

जमनानं हातातली सुई गादीला टोचली. मग म्हणाली, "मॅडम, तुमी कोणाला बोलायचं नाय. बाईंना मधलं दिसत नाय."

"मधलं म्हणजे?"

"कडंचं दिसतं. मधी जिथं बघायचं, तिथं नुसता डाग. डॉक्टर बोलला, डोळ्याचा पडदा गेला, तो आता नाय येत."

मी तिथंच पायरीवर बसले. म्हणजे बाई कॅलेंडरकडे बघायच्या तेव्हा त्यांना मी दिसायचे. वर्षभर त्या माझ्याकडेच बघून बोलत होत्या, आणि मी खिडकीबाहेर. मला इतकी लाज क्वचितच वाटली असेल.

पण जमनानं सांगितलेली खरी गोष्ट पुढेच होती. बाईंचा एकुलता एक मुलगा बडोद्याला नोकरीला. यजमान गेल्यावर त्यानं आईला चल म्हटलं. बाई नाही म्हणाल्या. भांडण झालं आणि शेवटी तोड निघाली ती शिवणबाईंच्या घरात शोभेल अशी. मुलगा म्हणाला, "जोवर तुला सुई ओवता येते तोवर राहा इथं. ज्या दिवशी ओवता येणार नाही त्या दिवशी मी न्यायला येईन." तो दिवाळीला आणि मे महिन्यात यायचा, आणि निघताना सुई पुढे करायचा. सुरुवातीला ही थट्टाच होती. बाई एका झटक्यात ओवायच्या आणि त्याच्या शर्टाच्या खिशाला टोचून द्यायच्या. मग डोळे गेले. गेल्या दोन खेपांना बाईंनी पदराआड हात नेऊन आधीच ओवलेली सुई पुढे केली होती.

मी एकदा त्यांना म्हटलं, बडोदा काय वाईट आहे, चांगला फ्लॅट आहे म्हणता, नातवंडं आहेत. बाई कॅलेंडरकडे बघत म्हणाल्या, "चौथ्या मजल्यावर आहे. खिडकीत खुर्ची ठेवलीय माझ्यासाठी. तिथं मला करायला काही नाही गं. नुसतं बघायला आहे."

त्यानंतर मी त्या विषयात पडले नाही. जमना सुट्टीवर असली की सुया मी ओवायचे.

हातड्रिलवर वर्ष निघालं. पुढे मागणी वाढली, आणि दिवसाला पंचवीस-तीस बॉबिन भरता भरता बाईंचा खांदा भरून यायला लागला. त्या मुलाला न कळवता डोळे दाखवायला चार दिवस बाहेरगावी गेल्या, तेव्हा जमनानं त्या ड्रिलच्या जागी विजेचं ड्रिल बांधलं. काय वेग. दोन मिनिटांचं काम दहा सेकंदांत. बारा रजया आम्ही सपाट, देखण्या शिवून घड्या घालून ठेवल्या. दोन दिवसांनी घड्या उघडल्या तर सगळ्या रजया पापडासारख्या आकसलेल्या, शिलाईच्या रेघेरेघेला चुण्या. जमना रडायच्या बेतात. मला वाटलं कापड वाईट निघालं.

बाई परतल्या. त्यांनी कापडाला हातसुद्धा लावला नाही. उरलेल्या बॉबिनवर नख घसरवलं, तिच्यातून वीतभर दोरा काढला, टेबलावर लाकडी पट्टीच्या कडेनं ठेवला, दोन्ही टोकांशी मला खुणा करायला लावल्या आणि घरी गेल्या. सकाळी दोरा खुणेच्या आत आला होता. चांगला बोटभर.

"पॉलिस्टर आहे. घाईनं ओढलंत की ताणतं आणि गप्प बसतं," बाई म्हणाल्या. "बॉबिनमध्ये बोलत नाही, चौकटीवर बोलत नाही. मोकळं झालं की मग परत आपल्या जागेवर जातं, आणि जाताना कापडाला बरोबर घेऊन जातं."

त्या बारा रजया आम्ही उसवल्या. आणि ठरलं की बॉबिन भरायचं धड यंत्र घ्यायचं. बाई म्हणाल्या, "मी निवडणार."

इथं माझ्या मनात काय होतं ते सांगून टाकते. मला पडद्याचं यंत्र हवं होतं. आकडे दिसणारं, बटणं दाबून ठरवायचं, भरली की शिटी देणारं. ते आलं असतं तर कुणीही बॉबिन भरू शकलं असतं. म्हणजे बाई सोडून कुणीही. हे मला कळत होतं, आणि कळूनही मला ते हवं होतं. माझ्या डोक्यावर कामाच्या तारखा होत्या.

वापीला एका दुकानात तीन यंत्रं होती. बाई आल्या नाहीत. मला आमचाच दोरा आणि आमच्याच रिकाम्या बॉबिन देऊन पाठवलं आणि सांगितलं, दुकानात गेलीस की मला फोन लाव आणि यंत्राजवळ धर. मी त्या गर्दीच्या दुकानात, शेठच्या गल्ल्याशेजारी, मोबाइल हातात धरून यंत्रापुढे उभी. फोनमधून बाईंचा आवाज.

"शेठ, फोन जरा नजीक रखावो ने. हवे चलावो." फोन जवळ धरा, आता चालवा, असं.

शेठनं पहिलं यंत्र लावलं. छोटं, प्लास्टिकचं. ते पिपाणीसारखं वाजलं.

"बंद करो," बाई म्हणाल्या.

दुसरं माझं, पडद्याचं. ते छान गुणगुणलं आणि शेवटी टूं करून थांबलं.

"हे शेवटी काय वाजलं?" बाईंनी मला विचारलं.

"बॉबिन भरली म्हणून सांगतं ते. आपोआप."

"मध्ये तीनदा अडखळलं, ते नाही सांगत?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. शेठ हसायला लागला. फोनकडे वाकून म्हणाला, "बेन, तमे जोवा क्यारे आवशो?" बघायला कधी येणार, असं.

"जोवानुं शुं छे एमां? सांभळवा तो आवी छुं," बाई म्हणाल्या. बघायचं काय आहे त्यात, ऐकायला आलेच आहे की.

तिसरं यंत्र शेठनं फळीखालून काढलं. काळं, लोखंडी अंगाचं, पायाच्या पॅडलवर वेग कमीजास्त होणारं. दोरा दोन चकत्यांमधून जायचा, आणि बॉबिन भरली की एक दांडी टक् करून आपसूक पडायची. त्यावर दिवा नाही, आकडा नाही. बाईंनी पूर्ण बॉबिन ऐकली. मग म्हणाल्या, "शेठ, हजी एक." तीही ऐकली. मग तिसरी. दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा गप्प राहून ऐकायला लागली होती. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

"आवाज कसा भरत भरत जाड होत जातो बघ," फोनमधून बाई मला सांगत होत्या. "कुठं गचका नाही. हे माणूस बरं आहे."

तिन्ही यंत्रांवरची एकेक बॉबिन मी आणली. बाईंनी नख लावलं, रात्रभर दोरे पट्टीशेजारी ठेवले. सकाळी पहिला दोरा आकसला होता, दुसरा थोडासा, तिसरा होता तिथंच. तरी मी हटले नाही. म्हटलं, दुसऱ्यातही फारसा फरक नाही, आणि ते वेगवान आहे, विचार करू. असा विचार मी दोन महिने करत बसले. तोवर बाईंचं हातड्रिल चालूच.

त्या दोन महिन्यांत ते झालं. बाई मशीनखाली हात घालून बॉबिन बसवत होत्या. जमनाला वाटलं झालं त्यांचं. तिनं बटण दाबलं. सुई बाईंच्या डाव्या तर्जनीच्या नखातून आरपार गेली. शेडमध्ये कुणी ओरडलं नाही, बाईसुद्धा नाही. जमना रडायला लागली. मी मशीनचं चाक हातानं उलटं फिरवून सुई वर काढली, बोट फडक्यात गुंडाळलं. तेव्हा बाई जमनाच्या दिशेला तोंड करून म्हणाल्या, "रडू नकोस. मला सुई ओवता येत नाही म्हणून सुईनं मला ओवलं."

दवाखान्यातून त्यांना घरी सोडून आले आणि मी त्यांच्या मुलाला फोन केला. डोळ्यांचं, ओवलेल्या सुयांचं, सगळं सांगितलं. मी घाबरले होते, हे खरंच. पण मनाच्या एका कोपऱ्यात असंही होतं की आता पडद्याचं यंत्र आणता येईल. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं केलंत सांगितलंत. पंधरा दिवसांनी रजा मिळतेय. न्यायला येतो."

जमनानं माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. मी बाईंच्या घरी गेले आणि त्यांना सांगून टाकलं की मी फोन केलाय. त्या अंगणात, चिकूखाली खुर्चीवर बसल्या होत्या. बोटाला पट्टी. मला वाटलं आता हिंदी ऐकायला मिळणार. त्या मराठीतच बोलल्या.

"तो यायच्या आत यंत्र येईल का?"

"कुठलं?"

हे विचारायची गरज नव्हती. मी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं वापीला गेले आणि ते काळं लोखंडी यंत्र घेऊन आले.

मुलगा आला तो सरळ शेडमध्येच. चाळिशीतला, जाडसर, खांद्याला बॅग. दारात थांबला. बाई यंत्रावर होत्या. त्यांना त्याची चाहूल लागली असणार, कारण त्यांनी पाठ ताठ केली, पण पाय पॅडलवरून काढला नाही. एक बॉबिन भरली, दांडी पडली, टक्. ती काढून डावीकडच्या डब्यात, उजवीकडची रिकामी खुंटीवर, दोऱ्याला दोन वेढे, पुन्हा पाय. टक्. चेहरा पूर्ण वेळ दाराकडे, म्हणजे त्यांना बहुतेक हातातली बॉबिन दिसत असावी, नाहीतर काहीच नाही. अशा चौदा बॉबिन भरल्या. मी मोजल्या, कारण दुसरं काही करायला सुचत नव्हतं. सहाही जणी काम थांबवून उभ्या होत्या.

तो पुढे आला आणि डब्यातून एक बॉबिन उचलली. तिच्यावर अंगठ्याचं नख टेकवलं. चिकूच्या त्याच झाडाखाली वाढलेला मुलगा तो.

"पाडाची आहे," तो म्हणाला.

"सगळ्या तशाच आहेत," बाई म्हणाल्या. मग पॅडलवरून पाय काढून उठल्या. "सुई आण."

"राहू दे ने, आई."

"आपलं ठरलंय. जमना, सुई दे. न ओवलेली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पदराआडचा खेळ त्याला कळलाय हे बाईंना माहीत होतं, आणि ते मी केलं होतं. जमनानं सुई दिली, पांढरा दोरा दिला. बाईंनी दोऱ्याचं टोक दातानं तोडलं, ओठांत ओलं केलं, आणि सुई डोळ्यांसमोर धरून मान वळवली. कॅलेंडरकडे. दोरा सुईच्या शेजारून गेला. पुन्हा गेला. पट्टीच्या बोटात सुई नीट धरता येत नव्हती. त्या दर वेळी टोक पुन्हा ओलं करायच्या, पुन्हा पीळ द्यायच्या, अगदी वर्गात शिकवल्यासारख्या. किती वेळ गेला मला सांगता यायचं नाही.

मुलानं त्यांच्या हातातून सुई हळूच काढून घेतली. दाराशी जाऊन उजेडात धरली. एक डोळा मिटून बघितलं.

"आई, या सुईचं नेढं बुजलंय," तो म्हणाला. "हिच्यात कुणालाच ओवता येणार नाही."

बाईंनी दोऱ्याचं टोक पुन्हा ओलं केलं.

"मग दुसरी घे," बाई म्हणाल्या.

"इथल्या सुया अशाच दिसतायत सगळ्या. पुढच्या खेपेला मी बडोद्याहून चांगली घेऊन येतो. तेव्हा बघू."

त्यानं ती सुई माझ्या टेबलावर ठेवली, दोन दिवस आईकडे राहिला, चिकू उतरवून दिले आणि एकटाच परत गेला. जाताना एवढंच सांगितलं की मशीनखाली हात घालायचं काम आईला देऊ नका. तेव्हापासून बॉबिन बसवायची जमना, भरायच्या बाई.

बाई २०१९ च्या पावसाळ्यानंतर गेल्या, मसोलीतच, आपल्या घरात. शेवटच्या आठवड्यापर्यंत बॉबिन त्याच भरत होत्या, आणि यंत्र आल्यापासूनच्या त्या दोन वर्षांत आमची एकही रजई आकसली नाही. ती सुई मी कॅलेंडरच्या कोपऱ्याला टोचून ठेवली होती. मुलगा गेला त्याच संध्याकाळी मी ती उजेडात धरून बघितली होती. नेढं स्वच्छ होतं. पलीकडचं नरपडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं झाड दिसत होतं त्यातून.

तो मधल्या काळात चार वेळा येऊन गेला. दर वेळी निघताना शेडच्या दारात उभा राहून कपाळावर हात मारून घ्यायचा. "अरे, सुई राहिलीच."

"विसरभोळा आहे," तो रिक्षात बसला की बाई म्हणायच्या. "बापावर गेलाय." आणि हे म्हणताना त्या कॅलेंडरकडे बघायच्या, म्हणजे माझ्याकडे.